१२ जानेवारी, सोमवार : ‘शाहूनगरवासी’ यांना उत्तर

शाहूनगरवासी, सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा झोंबली. चहा घेऊन दुसऱ्यांदा वाचली तेव्हा निम्मी पटली. उरलेल्या निम्म्यावर भांडायचंय, आणि ते भांडण प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना म्हणून वेगळं टाकतोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. १२ जानेवारीच्या दिनविशेषात मी लिहिलं होतं की जिजाऊंचा जन्म (१५९८), थोरल्या शाहू महाराजांचा साताऱ्यातला राज्याभिषेक (१७०८) आणि स्वामी विवेकानंदांचा जन्म (१८६३) हे तिन्ही एकाच दिवशी यावेत हा ‘विलक्षण योगायोग’ आहे. त्यावर शाहूनगरवासींचं म्हणणं असं : १७०८ साली साताऱ्यात जानेवारी कुणाला ठाऊक होता? खरा दिवस तिथीचा, इंग्रजी तारीख मागाहून चिकटवलेली. दिनविशेष म्हणजे इकडून उचलायचं नि तिकडे डकवायचं काम. त्यांच्या घरी पणजोबांच्याही आधीची एक मोडी सनद आहे, तिच्यात जानेवारी-फेब्रुवारी औषधालाही नाही. आणि जाता जाता एक टोला : सातारकर म्हणवता आणि निम्म्या नोंदी सांगलीच्या देता!

आधी माझी चूक कबूल करतो. ‘विलक्षण योगायोग’ हे शब्द मी काढून टाकलेत. पण तुम्ही दिलेल्या कारणासाठी नाही. खरं कारण माझ्यासाठी जास्त लाजिरवाणं आहे : हे तीन दिवस एक नव्हतेच.

इंग्रजांनी आपलं कॅलेंडर बदललं ते १७५२ च्या सप्टेंबरात. २ सप्टेंबरला रात्री झोपलेला माणूस सकाळी १४ सप्टेंबरला उठला. तोवर त्यांच्याकडे जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं, ज्यात दर चार वर्षांनी न चुकता लीप वर्ष. त्यात वर्षाला साधारण अकरा मिनिटं जास्त मोजली जायची. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण शतकं साठली की त्यांचे दिवस होतात. रोमच्या पोपनं १५८२ मध्येच ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर धरून ती थकबाकी वळती करून घेतली. पोर्तुगीजांनी ते लगेच मानलं, इंग्रज एकशे सत्तर वर्षं अडून बसले. म्हणजे शाहू महाराज साताऱ्यात गादीवर बसले त्या दिवशी मुंबईच्या इंग्रजाकडे १२ जानेवारी होती आणि गोव्याच्या पोर्तुगीजाकडे २३ जानेवारी. एवढ्यावर भागत नाही. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे त्यांच्या हिशोबानं सालही अजून १७०७ च होतं. एकाच सोमवारी, एकाच किनाऱ्यावर, दोन फिरंग्यांचा ना तारखेत मेळ ना सालात.

आपल्या पुस्तकांतल्या शिवकालातल्या आणि शाहूकालातल्या तारखा बहुतेक सगळ्या या जुन्या मापातल्या आहेत. विवेकानंदांची तारीख नव्या मापातली. मी एक कापड गजानं मोजलं, दुसरं मीटरनं, आणि दोन्हीकडे आकडा बारा आला म्हणून टाळ्या पिटल्या. एकाच मापानं मोजायचं तर जिजाऊंच्या तारखेत दहा दिवस मिळवावे लागतात आणि शाहूंच्या तारखेत अकरा, कारण मधे १७०० साल आलं, ते जुन्या कॅलेंडरात लीप होतं आणि नव्यात नव्हतं. म्हणजे नव्या मापानं जिजाऊ २२ जानेवारीला, शाहू महाराज २३ ला, विवेकानंद १२ लाच. पणजी आणि पणतू एका दिवसानं चुकले.

यातली मला सगळ्यात आवडलेली गंमत संक्रांतीची. आपल्याला १२ जानेवारी म्हटलं की भोगीच्या आदला दिवस वाटतो, घरात तीळ भाजल्याचा वास असतो. विवेकानंद जन्मले तो १२ जानेवारी १८६३ चा दिवस मात्र खुद्द मकर संक्रांतीचा होता. संक्रांत तेव्हा बाराला यायची. आपल्या लहानपणी चौदा म्हणजे चौदा असं पक्कं होतं, आता मधूनच पंधरा होते. सण सरकत असतो, आयुष्यभरात एखाद्या दिवसानं, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. हाच हिशोब मागे नेला तर शाहूंचा राज्याभिषेक संक्रांतीच्या आधी येतच नाही. साताऱ्यात तिळगूळ वाटून पंधरवडा होत आला होता.

आता तुम्ही विचाराल, ही १२ जानेवारी जुन्या मापातली हे कशावरून? इथे तुमचीच तिथी माझ्या मदतीला येते. राज्याभिषेकाची तिथी माघ शुद्ध प्रतिपदा, शके १६२९, वार सोमवार. फोनच्या कॅलेंडरात मागे मागे सरकत १७०८ च्या १२ जानेवारीवर जा. माझ्या फोनवर तिथे गुरुवार येतो. फोन बिचारा नवं कॅलेंडर सरसकट मागे ताणत नेतो. तोच फोन २३ जानेवारीला नेला की सोमवार. चंद्राचंही तसंच. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस आणि वर थोडी मिनिटं, हा आकडा धरून कागद-पेन्सिलीनं मागे गेलात तर नव्या मापाच्या १२ जानेवारीच्या सुमाराला कृष्णपक्षाची चतुर्थी-पंचमी लागते आणि २२-२३ ला अमावास्या संपते. प्रतिपदेला राज्याभिषेक झाला असेल तर दुसरा दिवस उरतच नाही. जिजाऊंची परंपरेनं मानलेली तिथी पौष पौर्णिमा. तिथेही तेच : नव्या २२ जानेवारी १५९८ ला पौर्णिमा बरोबर बसते, १२ ला बसत नाही.

वार हा फार इमानी साक्षीदार आहे. कॅलेंडर बदललं, राज्यं बदलली, पोपनं दहा दिवस गिळले, इंग्रजांनी अकरा गिळले, पण वारांची माळ तुटली नाही. ४ ऑक्टोबर १५८२ गुरुवार होता, दुसऱ्या दिवशी तारीख पंधरा झाली आणि वार शुक्रवारच. म्हणून जुन्या नोंदीत तिथीबरोबर वार दिसला की मला हायसं वाटतं. प्रतापगडाची १० नोव्हेंबर १६५९ घ्या. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार. फोन सोमवार दाखवेल, दहा दिवस पुढे गेलात की गुरुवार. (ज्या गावानं आपल्या पेठांनाच सोमवार ते रविवार अशी नावं देऊन ठेवलीत, तिथल्या माणसाला वाराचं महत्त्व मी काय सांगावं!)

वारापेक्षाही तगडा साक्षीदार म्हणजे ग्रहण, आणि तोही आपल्याच जिल्ह्यातला आहे. शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरला जिजाऊंची आणि सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केली, ती तारीख ६ जानेवारी १६६५ अशी सगळीकडे छापतात. पौष अमावास्या, सूर्यग्रहण. आता कुणी नवं कॅलेंडर मागे ताणून ६ जानेवारीला आकाशात बघायला गेला तर चंद्र अमावास्येपासून दहा दिवस लांब. ग्रहण लागणंच शक्य नाही. दहा दिवस मिळवून १६ जानेवारी करा, अमावास्या तिथे हजर. तुला झाली हे माणसांनी लिहिलं, ती कधी झाली यावर सूर्य-चंद्रांची सही आहे. त्यांना कुठल्या पक्षाचं देणंघेणं नसतं.

तर इथपर्यंत मी तुमच्या बाजूचा. यापुढे नाही.

‘खरा दिवस तिथीचा’ हे मला मान्य नाही. तुम्ही तिथीला दगडावरची रेघ समजताय. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, इंग्रजांचा मध्यरात्री, आणि त्या मधल्या काही तासांत जे घडतं त्याचे कायम हाल होतात. रायगडावरचा राज्याभिषेक बघा. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या जुन्या सालवार टिपणांत) नोंद ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार अशी आहे आणि सिंहासनावर बसण्याची वेळ दिलीय तीन घटका रात्र उरली असताना. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सव्वा तास बाकी. आपल्या मोजणीनं ती अजून शुक्रवारची रात्र, इंग्रजी मोजणीनं ६ जूनचा शनिवार कधीच उजाडलेला. आणि आपण राज्याभिषेक दिन साजरा करतो तो त्रयोदशीला. तिथी आणि वार दोन्ही बरोबर असूनही माणसं भांडू शकतात ती अशी.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी आईकडून कळलं होतं. आमची आई पाटण तालुक्यातली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेला, सरकारी नोंदीत सोमवार. आई शेवटपर्यंत म्हणायची, “ऐतवारी रातचं जमीन हलली.” मी शाळेत शिकवलेली तारीख तिला ऐकवून तिची चूक काढायचो. ती म्हणायची, “उजाडलं कुठं हुतं सोमवार व्हायला?” पुढे कधीतरी रायगडाची ती शुक्रवारची नोंद वाचली आणि एकदम आई आठवली. ती चुकत नव्हती. शकावली लिहिणारा जसा मोजत होता तशीच ती मोजत होती, आणि मी उगाच शहाणपणा करत होतो.

आणि शाहूंच्या दरबारात तरी एकटी तिथी कुठे चालायची? तुमच्याच सनदेकडे येतो. थाटाच्या सनदेत राज्याभिषेक शक, म्हणजे शिवरायांच्या राज्याभिषेकापासून मोजलेलं साल, यायचा, संवत्सराचं नाव यायचं, मग मास, पक्ष, तिथी आणि वार, तोही सोमवार असेल तर इंदुवासर, शुक्रवार असेल तर भृगुवासर. १७०८ चा जानेवारी म्हणजे राज्याभिषेक शक ३४, सर्वजित संवत्सर. पण रोजच्या पत्रव्यवहारात दुसराच मामला. तिथे ‘छ’ असं अक्षर काढून पुढे आकडा आणि मुसलमानी महिना, रबिलावल, जमादिलाखर, सफर वगैरे. हा ‘छ’ म्हणजे चंद्र. साल सुहूर सनाचं, अरबी अंकांच्या शब्दांत : ११०८ असेल तर ‘समान मया अलफ’, आठ, शंभर, हजार. हे साल बदलायचं मृगाला, पेरणीच्या तोंडावर, म्हणून त्याला मृगसाल म्हणायचे. शेतसाऱ्याचा हिशोब ठेवायला हेच सोयीचं. म्हणजे साताऱ्याचा कारकून एकाच दिवशी सनदेत माघ लिहायचा आणि पत्रात अरबी महिना, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. शाहू महाराज तर वयाच्या सातव्या वर्षी मोगलांच्या कैदेत गेले, औरंगजेब मेल्यावर पंचविशीत सुटले. त्यांचं सगळं लहानपण छावणीत, हिजरी तारखांच्या गावात गेलं. सुटल्यावर पाच महिन्यांत खेडची लढाई, मग साताऱ्याचा किल्ला, आणि जानेवारीत, माफ करा, माघात राज्याभिषेक. त्यांना तुम्ही ‘खरा दिवस कुठला’ विचारलं असतंत तर त्यांनी ‘कुठल्या दप्तरातला?’ असं उलट विचारलं असतं, अशी माझी आपली कल्पना.

शिवाय तिथीचा आग्रह जुन्यालाच का? १९४३ साली वसंतदादा सांगलीच्या तुरुंगातून निसटले आणि कृष्णेच्या पुरात उडी घातली, तो दिवस २४ जुलैचा. वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, तो ९ सप्टेंबर १९४२ चा. त्यांच्या तिथ्या कुणी विचारत नाही, पंचांगात सहज सापडतील तरीही. कारण ती माणसं स्वतःच तारखेनं जगत होती. कोर्टाची समन्सं, तुरुंगातली हजेरी, पेपर, सगळं तारखेवर. शिवजयंती मात्र आपण तारखेला एकदा आणि तिथीला एकदा करतो. माझी काही हरकत नाही. दोन्ही दिवशी पोरं गडावरून मशाल आणतात, दोन्ही दिवशी गावाला जाग असते.

मग तुम्ही म्हणाल, जुनं माप चुकीचं ठरलं तर २३ जानेवारी का छापत नाही? एकदा छापलं होतं, आणि त्याची कहाणी माझ्या अंगाशी आलेली आहे. काही वर्षांपूर्वी हे ज्युलियन प्रकरण नुकतंच कळलं होतं. नव्यानं कळलेल्या गोष्टीची खाज असते. मी दिमाखात लिहिलं : राज्याभिषेकाची खरी तारीख २३ जानेवारी! दोन दिवसांनी आमच्या गल्लीतल्या मंडळाचा एक पोरगा दारात उभा. “काका, फ्लेक्स छापायला टाकलाय. बारा टाकू का तेवीस? प्रेसवाला थांबलाय.” माझ्याकडे दीड पानांचं उत्तर होतं आणि त्याच्याकडे दोन मिनिटं. मी म्हटलं, बारा टाक.

का म्हटलं, ते नंतर शांतपणे बसून स्वतःला समजावलं. त्या काळचं मुंबईचं किंवा सुरतेचं कुठलंही इंग्रजी पत्र काढा, त्यावरची तारीख जुन्या मापातलीच असणार. त्याच मापात आपल्या इतिहासकारांनी सगळ्या तिथ्या बसवल्या. मी एकट्यानं एक तारीख अकरा दिवसांनी सरकवली तर ती आधीच्या खेडच्या लढाईशी जुळणार नाही, पुढे १५ डिसेंबर १७४९ ला महाराज वारले त्या तारखेशी जुळणार नाही, कारण त्याही जुन्याच मापातल्या आहेत. निम्मं घर गजात आणि निम्मं मीटरमध्ये, दार बसणार कसं? जगभरच्या दिनविशेषांत हा घोळ आहेच. न्यूटन याद्यांमध्ये वर्षातून दोनदा जन्मतो, एकदा २५ डिसेंबर १६४२ ला आणि एकदा ४ जानेवारी १६४३ ला, आणि दोन्ही दिवशी त्याला अभिवादन होतं. तेव्हा बारा तर बारा, पण शेजारी सांगायचं की हे जुनं माप आहे, आणि नव्या मापातल्या तारखेशी त्याची सोयरीक जुळवायची नाही. १२ जानेवारीच्या दिनविशेषात मी हे दुसरं विसरलो.

‘इकडून उचलायचं नि तिकडे डकवायचं’ या आरोपावर फार बोलत नाही. उचलतो हे खरं. १५९८ साली मी सिंदखेडराजाला नव्हतो. पण उचलल्यावर वार तपासतो, चंद्र तपासतो, जमलं तर जागेवर जाऊन येतो. सकाळी सकाळी शुभेच्छांच्या चित्रांबरोबर फिरणाऱ्या दिनविशेषात आणि माझ्यात एवढाच फरक असेल तर तो असू द्या.

सांगलीच्या टोल्याला मात्र उत्तर देतो, कारण तो तुम्ही हसत हसत मारला असला तरी लागला. १९४९ पर्यंत सांगली जिल्हाच नव्हता. आधी दक्षिण सातारा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. यशवंतराव चव्हाण १२ मार्च १९१३ ला देवराष्ट्रे गावात जन्मले ते सातारा जिल्ह्यात. आज ते गाव सांगलीत आहे. प्रतिसरकारच्या नोंदी तुम्ही कशा वाटून घेणार? कुंडल तुमचं का त्यांचं? त्या वेळी इंग्रजांच्या दप्तरात तो सगळा मुलूख ‘सातारा’च होता, आणि ते प्रकरण त्यांना चांगलं महागात पडलं. तारखेचं माप बदलतं तसं गावाचंही बदलतं. मी आपली दोन्हींकडची फुलं वाहतो.

आता कामाचं. १२ जानेवारीची नोंद दुरुस्त केलीय. १७५२ च्या सप्टेंबरआधीच्या प्रत्येक तारखेपुढे यापुढे ‘जु.’ असं लिहीन, आणि माहीत असेल तिथे तिथी आणि वार. जुन्या तीनेकशे नोंदी आहेत, एका दिवसात होणार नाहीत. कुठे राहिलं तर टोका.

आणि ती तुमच्या घरची सनद. तिच्यात जानेवारी नाही म्हणून मिरवू नका, त्यात काय आहे ते बघा. पहिल्या ओळीत ‘स्वस्ति श्री’ आहे का? पुढे शकाचा आकडा, संवत्सराचं नाव? का मधेच कुठे ‘छ’ आणि त्यापुढे आकडा? कडेला शिक्का असेल तर तोही. मोडी नीट वाचता येत नसेल तर फोनवर उजेडात सरळ वरून फोटो काढा, कागद घडीवर दाबू नका, तुकडा पडतो. मला पाठवा, किंवा रविवारी सकाळी राजवाड्याजवळ चहाला या, मी दहापर्यंत असतो. वार लिहिलेला असेल तर तो मात्र आधी कळवा. बाकीचं मी चहा येईपर्यंत मांडून ठेवतो.